पाठीवर भामा

रिक्षा खांदा कॉलनीच्या सिग्नलला थांबली आणि मला माझी मांडी दिसली. रिक्षात होती ती नव्हे. ती साडीखाली, साडीवर वाटाण्याच्या शेंगांची पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, अशी नेहमीसारखी झाकून बसली होती. ही वर होती. लोखंडी सांगाड्यावर, टेम्पोएवढी मोठी, उन्हात चकाकणारी, गुडघ्याच्या वर मातीचा आडवा फराटा असलेली. चेहरा ओळखायला माणसाला आरसा लागतो, मांडी आतून ओळखू येते. माझा तो स्नायू, जो आता जिना चढताना तक्रार करण्यापुरताच उरला आहे, एकदम ताठ झाला, कुणी नावानं हाक मारल्यासारखा. निळी हाफपँट, निळं बनियन, एक मुलगी पालथी पडता पडता उजवा हात पुढे फेकून मधल्या रेषेकडे झेपावलेली. एकीनं तिच्या कमरेला मिठी मारलेली, दुसरीनं घोटा धरलेला. तोंड स्वतःच्याच दंडाआड गेलेलं, दिसतो तो एक कान आणि सुटलेली वेणी. आणि पाठीवर पांढऱ्या रंगात नाव: भामा. त्याखाली, रस्त्यावरच्या कुठल्याही आंधळ्याला वाचता येईल अशा लाल अक्षरांत: वज्रसंधी तेल, गुडघे म्हणतील अजून एक डाव! त्या तेलाची बाटली माझ्या खिडकीत आहे. काही उपयोग होत नाही.

"काय बायका असायच्या एकेक!" रिक्षावाला वर बघत म्हणाला.

"असायच्या," मी म्हटलं, आणि सिग्नल सुटला.

घरी येऊन मी शेंगा सोलायला बसले आणि दाणे पातेल्यात टाकायचे ते सालींत टाकत राहिले. मला राग आला होता का, हे मी स्वतःला विचारलं. आला होता थोडा. न विचारता कुणी आपल्या घरात शिरून कपाट उघडावं, तसा. पण त्या रागाच्या खाली आणखी काहीतरी हुळहुळत होतं, आणि ते, सांगायला लाज वाटते, चक्क सुख होतं. एवढी मोठी मी कधीच नव्हते. मग सुखाच्याही खाली गेलं की तिथे ते पांढरं नाव बसलेलं होतं, आणि ते माझं नव्हतं. माझं नाव माधुरी. त्या फोटोत माझं सगळं आहे, दंड, पोटरी, कान, धाप. फक्त मी नाही.

ते बनियन मी आमच्या कबड्डीच्या संघातल्या भामाकडून मागून घेतलं होतं. आमचं गाव आता विमानतळाच्या धावपट्टीखाली आहे, तेव्हा ते मिठागरांच्या कडेला होतं, आणि मैदान म्हणजे मिठागराच्या बांधालगतची कोरडी पट्टी. पडलं की गुडघा सोलायचा आणि सोललेल्या जागी मीठ लागायचं, त्यामुळे आमच्या गावच्या पोरी पडायच्याच नाहीत, अशी आमची तालुक्यात ख्याती. भगवान सर शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आम्हाला पळवायचे. कुठूनसं कापड मिळवून त्यांनी बनियनं शिवून घेतली आणि ब्रशनं स्वतः सगळ्यांच्या पाठीवर नावं रंगवली, म्हणाले, नंबर कैद्यांना असतात. त्याच हिवाळ्यात माझा साखरपुडा झाला. होणाऱ्या सासूबाई, पारूबाई, लाडू देता देता माझ्या आईला म्हणाल्या, "पोरीचा खेल आता बंद करा. माज्या सुनेच्या मांड्या अख्ख्या तालुक्यानं बगायला नको." आईनं मान हलवली. मीही हलवली. आणि आठवडाभरात आपट्याला, पाताळगंगेच्या काठावरच्या मैदानात, आमचा अंतिम सामना होता. सासरची माणसं आली तर? आणि लाऊडस्पीकरवरचा माणूस तर पाठीवरचं नाव वाचूनच ओरडायचा. म्हणून शाळेच्या मागच्या पडवीत मी आणि भामानं बनियनं बदलली. भामाचा पाय मुरगळला होता, ती तशीही बाहेरच बसणार होती. ती माझं नाव पाठीवर घालून कडेला उकडलेल्या शेंगा खात बसली, आणि मी तिचं नाव घालून चढाईला गेले. "भामाची चढाई! भामानं आणला गं डाव!" असं स्पीकर बेंबीच्या देठापासून ओरडला तेव्हा मला क्षणभर कळेना की टाळ्यांकडे बघून हसायचं कुणी.

लपायचं असं ठरवून मी लपले होते, आणि इतकी छान लपले होते की आता मलाच मी सापडत नव्हते.

संध्याकाळी कमळाकर आले. माझे यजमान पाणीपुरवठ्यात आहेत, वॉल्व्हमन. लांब लोखंडी चावी घेऊन सकाळी सेक्टरासेक्टरांतून पाणी सोडत फिरतात. जमिनीखाली कुठून काय वाहतं ते त्यांना पाठ आहे, आणि बहुधा त्यामुळेच वरच्या गोष्टींबद्दल ते फारसं बोलत नाहीत. मी भाजी वाढली आणि म्हटलं, "सिग्नलवर नवा बोर्ड लागलाय, बघितलात?"

"कुठला?"

"तेलाचा."

"असंल," ते म्हणाले, आणि वाटाणे खाऊ लागले. रोज त्या बोर्डाखालून सायकल जाते त्यांची. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, तो पाण्याच्या टाकीसारखा, भरला आहे की रिकामा हे बाहेरून न कळणारा. इतकी वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपले, ज्यानं बाळंतपणात माझे पाय चेपले, त्याला ती पोटरी ओळखू येऊ नये? मग मीच स्वतःला समजावलं, बाई, पोटरी तीच असली तरी मधे किती भात जिरलाय.

समीक्षा आमच्या तळमजल्यावरच्या वहिनींची मुलगी. पनवेल कोर्टात नव्यानं वकिली करते, काळा कोट कठड्यावर वाळत घालते. पिकोला दिलेली साडी न्यायला वर आली तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. ती आधी हसली, मग खिडकीपाशी गेली, जणू बोर्ड तिथून दिसणार होता, आणि मग एकदम वकील झाली.

"काकू, ही चक्क केस आहे. तुमचं शरीर, तुमचा चेहरा, तुमचं नाव तुम्हाला न विचारता कुणी धंद्याला लावायचं नाही."

"असं लिहिलंय कायद्यात?"

"एका ओळीत नाही लिहिलेलं. पण कोर्ट मानतं. खासगीपणाच्या हक्कातूनच निघतं ते. आपलं काय झाकायचं ते जसं आपण ठरवायचं, तसं काय दाखवायचं, कुणासाठी दाखवायचं, तेही आपणच. खेळाडूंचे तर किती वाद झालेत यावरून. मोठ्या खेळाडूंचे, म्हणजे."

"आणि मी?"

"तुम्ही प्रसिद्ध आहात का?"

"आपल्या बिल्डिंगमध्ये. फॉल-बिडिंगसाठी."

"काकू, मुद्दा तोच आहे. बघणाऱ्याला ओळखू आलं पाहिजे. फोटो बघितल्याबरोबर कुणीतरी म्हटलं पाहिजे, अरे, ही तर माधुरी. चेहरा दिसत नाही, पाठीवर दुसरीचं नाव. तुम्हाला बघून ओळखेल असं कोण आहे?"

मी पिकोची रिळं सारखी करू लागले. मी दहावीनंतर जे काही शिकले ते रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांतून, आणि त्यात कितीतरी अवघड प्रश्न येऊन गेले, आत्म्याचे, परमाणूचे; पण एवढा अवघड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला ओळखेल असं कोण आहे. भगवान सर गेले. संघातल्या पोरी लग्नं होऊन कुठे कुठे विखुरल्या. जिनं माझा घोटा धरलाय ती कर्जतकडची, तिचं नावही मला ठाऊक नाही, तिच्या बोटांची पकड मात्र पावसाळ्यात अजून आठवते.

"आणि तुम्हाला नक्की हवंय काय?" समीक्षानं जाता जाता विचारलं. "उतरवायचाय फोटो, की खाली तुमचं नाव यायला हवंय?" मी तिच्या हातात पिकोची साडी दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीला फोन केला आणि धावत वर आली. कंपनीनं परवानगी घेतलेली होती. पनवेलच्या एका जुन्या फोटोग्राफरच्या मुलानं बापाचे फोटो विकले, त्यातला हा. मागे नाव लिहिलेलं, भामा. कंपनीची माणसं विचारत विचारत उलव्याला गेली, भामाला फोटो दाखवला, ही तुम्हीच ना, विचारलं, आणि भामानं हो म्हणून सही केली. अगदी कायदेशीर.

मी उलव्याला गेले. भामाचं घर पूर्वी खाडीकडे तोंड करून होतं, आता सगळीकडून टॉवरांकडे तोंड करून आहे. चहूबाजूंनी क्रेन, सिमेंटची धूळ, आणि मधे तिचा गुलाबी बंगला, अंगणात सुकट वाळत घातलेली. ओट्यावर ती बसलेली होती, सोन्याच्या पाटल्या, पायाला वज्रसंधी तेलाचा वास. दिवाणखान्यात तोच फोटो मोठा करून लावलेला. माझी मांडी तिच्या टीव्हीवर.

"ये गो, माधुरे! मी म्हनतच व्हती, ही येनार."

"भामे, तू सही केलीस?"

"केली ना."

"तो फोटो तुझा आहे?"

"माजा नाव हाय ना पाठीवर." तिनं पाय पसरले. "आनि फुकट नाय केली. एक खोका भरून तेल दिला त्यांनी. अख्खी आळी चोळते."

"अगं पण पाय माझे आहेत!"

"ते काय मला ठावं नाय? माजे पाय कदी असे व्हते?" ती इतकी हसली की ओट्यावरची मांजर उठून गेली. मग हसणं थांबवून तिनं माझा हात ओढून मांडीवर घेतला, लहानपणी मीठ लागलं की घ्यायची तसा. "आयक. ती कंपनीची पोरा आली, फोटो दावला, मी बगताच ओळखला. मनात म्हनला, आता मी नाय बोलले तर ही शोधत फिरतील, कोन हाय, कोन हाय. आनि तुज्या घरी कलंल. तूच म्हनली व्हतीस ना पडवीत, भामे, मेलीस तरी कोनाला सांगू नको? मग मी म्हनला, मीच हाय. तुज्यासाठी खोटा बोलली, आनि तू माज्यावरच डाफरतेस?"

मी विसरले होते की मी तसं म्हटलं होतं, आणि ही बाई, एवढे भूसंपादनाचे कागद, दोन सुना, अंगणाएवढा जावई, एवढं सगळं आयुष्य मधे येऊनही, ते सांभाळून बसली होती.

"नातवंडा रोज बोलतात, आजी, ती उडी मारून दाव," भामा म्हणाली. "मी सांगते, डॉक्टरनं नको बोललाय."

"पारूबाई जाऊन किती वर्षं झाली, भामे. आता कुणापासून लपवायचं?"

"मग तुला काय कलवायचाय?"

"हो," मी म्हटलं, आणि बोलल्यावर मला कळलं की खरंच तसं आहे. पण कुणाला, ते अजून कळलं नव्हतं. परत येताना बस धावपट्टीच्या कुंपणाकडेनं जात होती. त्या सपाट काळ्या पट्ट्याखाली कुठेतरी आमची मधली रेषा असेल, चुन्यानं मारलेली, असं मनात आलं, आणि मी काच खाली करून वास घेतला. मिठाचा आला नाही, डांबराचा आला, तरी छातीत हवा भरून मी ती धरून ठेवली, जमेल तितकी, आणि तोंडातल्या तोंडात म्हणत राहिले, कबड्डी कबड्डी कबड्डी. शेजारची मुलगी सरकून बसली. पहिला थांबा येण्याआधीच दम सुटला.

समीक्षाचं म्हणणं पडलं की भामाची साक्ष चालेल, पण लंगडी. जिनं एकदा हो म्हणून सही केली तीच आता नाही म्हणते, असं समोरचा म्हणणार. "तिसरं कुणीतरी हवं काकू. तो सामना बघितलेलं. फोटोतली ती तुम्ही, असं प्रतिज्ञापत्रावर सांगणारं." ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सांगत होती. कमळाकर बाहेर चहा पीत होते. घरात हे त्यांनी सगळं ऐकलं असणार, कारण आमच्या घरात न ऐकायला जागाच नाही; पण मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी काही विचारलं नव्हतं. कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी देतो," ते म्हणाले.

समीक्षानं माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. "तुम्ही काय देणार? तुम्ही कुठे बघितलात सामना?"

"कोर्टात सांगतो," ते म्हणाले, आणि चावी घेऊन पाणी सोडायला गेले.

कोर्टाच्या आवारात झाडाखाली दयाराम टायपिस्टचं टेबल आहे. मी, समीक्षा, भामा (तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती पाटल्या घालून, सुकटीची पिशवी घेऊन आली होती) आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले कमळाकर. दयाराम त्यांचं नाव, वय, पत्ता टाइप करून थांबला. "सदर छायाचित्रातील स्त्री ही माझी पत्नी असल्याचे मी ओळखतो. बरोबर? ओळखण्याचं कारण सांगा."

कमळाकरांनी घसा साफ केला. जमिनीखाली खूप लांबून पाणी निघावं आणि नळाशी पोहोचायला वेळ लागावा, तसं ते बोलले.

"आईनं मला आपट्याला धाडला होता. म्हणाली, पोरगी अजून खेळते का बघून ये. मी गेलो. आता पोरगी दाखवली तेव्हा हिनं मान वर केली नव्हती, मी हिचा नुसता भांग बघितलेला. म्हणून पाठीवरची नावं वाचायला लागलो. माधुरी बाहेर बसलेली. शेंगा खात." त्यांनी भामाकडे हात केला. "ह्या."

"अगो बाय!" भामा म्हणाली.

"मी म्हटलं, ठीक. खेळत नाय. आईला तसं सांगता येईल. पोरगी पण... ठीक हाय. खातीपिती हाय." त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पण माझं लक्ष काय तिकडे राहीना. ती दुसरी होती ना, चढाईवाली, भामा नावाची. तिला दोघींनी धरली, आणि तिनं असा हात टाकला, आणि तिथंच... लग्नापर्यंत माझी झोप उडालेली. एकीशी लग्न ठरलंय आणि डोक्यात दुसरी. देवाला म्हटलं, हे काय बरोबर नाय. आणि मग अंतरपाट खाली आला, तर समोर तीच."

दयारामची बोटं मशीनवर तशीच राहिली होती. समीक्षा कोटाच्या बाहीनं डोळे पुसत होती, की हसत होती.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी विचारलं. आवाज माझा नव्हता. कुठून तरी मैदानावरून आला.

"काय बोलणार? की साखरपुडा झाल्यावर मी दुसऱ्या पोरीवर भाळलो होतो? तू सोडलं असतंस मला?"

"नसतंच सोडलं," भामा म्हणाली. "आनि मी काय नुसती ठीक व्हती का ओ, भावजी?"

"मग परवा तो बोर्ड विचारला तर 'असंल' म्हणालात ते?"

"तू एवढी वर्षं लपवलेलंस. म्हटलं, तुझं तू सांगशील तेव्हा सांगशील." ते जरा घुटमळले. "रोज सकाळी पाणी सोडून झालं की तिथं सायकल थांबवतो जरा."

"हे सगळं टाइप करायचं?" दयारामनं विचारलं.

"'प्रत्यक्ष सामना पाहिल्यामुळे,' एवढं पुरे," समीक्षा म्हणाली. "आणि काकू, आता तरी सांगा. नाव लावायचं, की उतरवायचा?"

मी झाडाकडे बघितलं, टेबलाकडे, त्या इस्त्रीच्या शर्टाकडे. इतके दिवस मला वाटत होतं, मला सगळ्या पनवेलनं ओळखायला हवंय. सगळं पनवेल हवं असं माणूस उगाच धरून बसतं, एकानं ओळखलं तरी पुरतं. "उतरवायला सांग," मी म्हटलं. "आणि मला आणून द्यायला सांग. माझा आहे तो."

कमळाकरांचा चेहरा पडला. "इतक्यात?" ते म्हणाले.

नोटीस गेली, कंपनीचा एक शरमलेला माणूस येऊन माफी मागून गेला, आणि एका रविवारी सकाळी चार माणसांनी गुंडाळी खांद्यावर घेऊन आमच्या गच्चीवर आणून टाकली. बोर्डाचा कपडा एवढा मोठा असतो हे खालून कळत नाही. पसरला तर गच्ची संपली, माझा पाय पाण्याच्या टाकीवर चढला आणि तेलाची जाहिरात कठड्याबाहेर लोंबली, ती भामानं घरून आणलेल्या कोयत्यानं कापून काढली. तिच्या अंगणात सुकटीवर झाकायला कामाची होती. मग ती "भामा" या नावावर फतकल मारून बसली, म्हणाली, "माजा एवढाच. बाकीचा ने तू," आणि शेंगा काढून खायला लागली.

मी चपला काढल्या. प्लास्टिक उन्हानं तापलं होतं. मी माझ्या पाठीवरून, खांद्यावरून, त्या लांबच लांब दंडावरून चालत गेले, आणि माझा तळहात आला तिथे थांबले. खाटेएवढा तळहात, आणि त्याच्यापुढे ती पांढरी रेषा, बोटांपासून वीतभर लांब. फोटो काढणाऱ्यानं एक क्षण आधी खटका दाबला होता. इतकी वर्षं मी तिथेच पडलेली, एक वीत अलीकडे. रेषेच्या पलीकडे कमळाकर उभे होते, हात मागे बांधून, बोर्डाखाली सायकल थांबवल्यावर उभे राहत असतील तसे.

"वाक गो!" भामा ओरडली. "भामाची चढाई!"

"माधुरीची," कमळाकर म्हणाले.

मी छाती भरून दम घेतला. कबड्डी कबड्डी म्हणत वाकले, गुडघ्यांनी जे काय बोलायचं ते बोलून घेतलं, आणि हात लांब करून रेषेपलीकडे त्यांच्या पायाला लावला.